पेनिसिलिन : बशीतल्या बुरशीपासून कारखान्याच्या टाकीपर्यंत

दर २१ दिवसांनी माझ्या दवाखान्यात एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला इंजेक्शनसाठी घेऊन येतात. मुलाला र्‍हुमॅटिक ताप येऊन गेलेला आहे. आधी घसा दुखतो, तो आपोआप थांबतो, घरचे विसरून जातात; दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे सुजतात आणि सूज उतरली तरी हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊन बसते, असा हा आजार. तो पुन्हा उलटू नये म्हणून हे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मागच्या खेपेला बाईंनी विचारले, ‘डॉक्टर, माझ्या सासूबाई म्हणतात, त्यांच्या लहानपणीसुद्धा पेन्सिलीनच द्यायचे. एवढ्या वर्षांत नवीन काही निघालं नाही का हो?’

प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, घशात बसून हा उद्योग करणारा जो स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू आहे, तो आजही पेनिसिलिनने मरतो. बाकीचे कितीतरी जंतू औषधांना जुमानेनासे झाले, पण हा एक अजून शरण येतो. मग नवीन कशाला शोधायचे? मात्र हे औषध आपल्या हाताशी कसे आले, ही हकिकत मोठी आहे आणि ती दवाखान्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून आजचा लेख.

पेनिसिलिनचा शोध कसा लागला, हे शाळेच्या पुस्तकात बहुतेकांनी वाचलेले असते. १९२८ चा सप्टेंबर महिना, लंडनचे सेंट मेरीज रुग्णालय, सुट्टीवरून परतलेले डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग, टेबलावर राहिलेली जंतूंची बशी, तिच्यात उगवलेली बुरशी आणि बुरशीभोवतीचे मेलेले जंतू. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. त्या दिवसानंतर तब्बल बारा वर्षे या बुरशीने एकाही गंभीर रोग्याचा जीव वाचवला नाही. फ्लेमिंग यांनी १९२९ साली निबंध प्रसिद्ध केला, बुरशीच्या रसाला पेनिसिलिन हे नाव दिले, परंतु त्या रसातून औषध वेगळे काढणे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना साधले नाही. ते फार नाजूक होते. आम्लाने नासायचे, उष्णतेने नासायचे. निबंध ग्रंथालयात पडून राहिला.

फ्लेमिंग यांना अशा औषधाची ओढ का होती, तेही सांगायला हवे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये बुलोन येथील लष्करी रुग्णालयात होते. तोफगोळ्याने झालेली जखम सुरीच्या वारासारखी सरळ नसते. तिला खाचखळगे असतात, आत मातीचे, कपड्याचे तुकडे जातात. त्या काळचे जंतुनाशक पाणी जखमेत ओतले की ते त्या खाचांपर्यंत पोहोचत नसे, उलट रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाच मारत असे. हे दाखवण्यासाठी फ्लेमिंग यांनी काचेची नळी तापवून तिला काटेरी खाचा काढल्या आणि एक कृत्रिम जखम तयार केली. जंतूला मारील पण माणसाला इजा करणार नाही असे औषध हवे, हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले होते.

दुसरे महायुद्ध १९३९ च्या सप्टेंबरात सुरू झाले. त्याच सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी यांच्या हाताखाली काही मंडळींनी तो जुना निबंध पुन्हा उघडला होता. फ्लोरी मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अर्न्स्ट चेन हे हिटलरच्या राजवटीमुळे बर्लिन सोडून आलेले ज्यू रसायनतज्ज्ञ. त्यांची आई आणि बहीण मागे राहिल्या त्या नाझींच्या हत्याकांडात गेल्या. तिसरे नॉर्मन हीटली. यांचे नाव आपल्याकडे कोणी घेत नाही आणि मला तर या साऱ्या कथेत तेच सर्वांत जवळचे वाटतात. कारण पैसा नाही, साहित्य नाही, वर बॉम्बची भीती, अशा स्थितीत काम कसे उरकायचे हे त्यांना माहीत होते. बुरशीच्या रसातून औषध काढायची युक्ती त्यांचीच. रस थंड ठेवून आम्लधर्मी करायचा, औषध एका द्रावकात ओढून घ्यायचे आणि तिथून ते पुन्हा अल्कधर्मी पाण्यात उतरवायचे. या कामासाठी त्यांनी जे यंत्र जुळवले, त्यात दुधाचे कॅन होते, न्हाणीचे टब होते आणि ग्रंथालयाने टाकून दिलेली पुस्तकांची मांडणीही होती.

२५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसचे मारक इंजेक्शन दिले. चार उंदरांना नंतर पेनिसिलिन दिले, चारांना काहीच दिले नाही. हीटली रात्री पावणेचारपर्यंत पिंजऱ्यापाशी बसून होते. औषध न मिळालेले चारही उंदीर तोवर मेले होते, औषध मिळालेले चारही जिवंत होते. दुसऱ्याच दिवशी, २६ मे रोजी, डंकर्कच्या किनाऱ्यावरून हरलेले इंग्रज सैन्य मागे आणायला सुरुवात झाली. जर्मन फौजा इंग्लंडमध्ये उतरणार असे सर्वांना वाटत होते. तेव्हा या मंडळींनी आपापल्या कोटाच्या अस्तरात बुरशीचे बीज चोळून ठेवले. प्रयोगशाळा जाळावी लागली तरी एकजण निसटला म्हणजे बुरशी जगेल, हा हिशेब.

माणसाला देण्याइतके औषध करायचे तर बुरशी पिकवायला भांडी हवीत, आणि ती उथळ हवीत. कारण ही बुरशी लोणच्याच्या बरणीत वर धरते तशी फक्त पृष्ठभागावर वाढते. रुग्णालयातले बेडपॅन यासाठी उत्तम ठरले! पुढे त्याच धर्तीवर चिनीमातीची शेकडो भांडी मुद्दाम भाजून आणली आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला मुली नेमल्या. एवढा खटाटोप करून चिमूटभर पिवळट पूड हाती येई आणि, हे नंतर कळले, तिच्यातही बहुतेक भाग गाळच असे.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ही पूड अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला दिली. त्याच्या चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग साऱ्या अंगात पसरला होता, एक डोळा काढावा लागला होता. इंजेक्शने सुरू झाल्यावर ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध संपत चालले. तेव्हा त्याची लघवी जमा करून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा काढायचे आणि त्यालाच पुन्हा टोचायचे, असे चालले. पाच दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्चला तो माणूस गेला. औषध लागू पडत होते, पुरे पडले नाही. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी हे वाक्य नीट मनात घोळवले पाहिजे.

इथून पुढचा भाग प्रयोगशाळेचा नाही, कारखान्याचा आहे आणि लढाईने खरे जे घडवले ते इथेच. इंग्लंडमधले कारखाने युद्धसामग्रीत गुंतलेले, त्यात रोजचे हवाई हल्ले. म्हणून फ्लोरी आणि हीटली १९४१ च्या जुलैत बुरशी घेऊन अमेरिकेत गेले. तिथे इलिनॉय प्रांतातल्या पिओरिया गावी शेतमालाचा उपयोग शोधणारी एक सरकारी प्रयोगशाळा होती. तो सगळा मक्याचा मुलूख. मक्यापासून स्टार्च काढताना एक दाट, आंबूस पाणी उरते. ते काय करावे, हा तिथल्या लोकांना प्रश्नच होता. हे पाणी बुरशीला खाऊ घातल्यावर उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले. दुधातली साखर घातल्यावर आणखी वाढले.

मग चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला. अमेरिकन लष्कराच्या विमानांनी जगभरातून मातीचे नमुने आणले. त्यांत ज्यांच्याकडून सर्वांत जास्त आशा वाटली, त्यांत चीनमधले चुंगकिंग, आफ्रिकेतले केपटाऊन आणि आपली मुंबई यांची माती होती. मात्र खरा जॅकपॉट लागला तो त्याच पिओरिया गावच्या मंडईत. १९४३ साली तिथल्या एका नासक्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, ती फ्लेमिंग यांच्या बुरशीपेक्षा किती तरी जास्त औषध देणारी आणि पाण्यात बुडूनही वाढणारी निघाली. पुढे क्ष-किरणांचा मारा करून तिच्यातून आणखी सकस वाण काढले. आपण संकरित ज्वारी काढतो तसेच हे, फक्त घाईघाईने.

बुडून वाढणारी बुरशी का हवी होती? कारण उथळ भांड्यांनी एखाद्या रुग्णालयाची गरज भागेल, सैन्याची भागणार नाही. खोल टाक्या हव्यात. पण टाकीच्या तळाशी बुरशीला हवा कोण देणार? हवा दिली तर तिच्याबरोबर भलते जंतू येणार. दुधाच्या घागरीत लिंबाचा एक थेंब पुरतो, तसा एखादा पेनिसिलिन फोडणारा जंतू आत गेला की सारी टाकी वाया. तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या फायझर कंपनीने पुढाकार घेतला. औषधी म्हणून हे नाव आज आपण ऐकतो, पण तेव्हा तिचा मोठा व्यवसाय सायट्रिक आम्लाचा होता. लिंबाशिवाय, बुरशीकडून आंबवून ते कसे करायचे हे तिला ठाऊक होते. तिने एक बर्फाचा जुना कारखाना विकत घेतला, त्यात साडेसात हजार गॅलनच्या, म्हणजे सुमारे २८ हजार लिटरच्या, १४ टाक्या बसवल्या. निर्जंतुक केलेली हवा खालून सोडायची, पंख्याने घुसळत राहायचे, फेस मारायचा. १ मार्च १९४४ रोजी हा कारखाना सुरू झाला. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या वैद्यकीय पेट्यांत पेनिसिलिन होते.

आकडे पाहा. अमेरिकेत १९४३ मध्ये २,१०० कोटी युनिट तयार झाले. १९४४ मध्ये १ लाख ६६ हजार ३०० कोटी. १९४५ मध्ये ६ लाख ८० हजार कोटींच्या वर. आमच्या त्या मुलासारख्या थोराड मुलाला एका वेळी १२ लाख युनिट लागतात. या हिशेबाने १९४३ सालचे अख्ख्या अमेरिकेचे उत्पादन साडेसतरा हजार इंजेक्शनांइतके होते. जुलै १९४३ मध्ये ज्या एका मात्रेला २० डॉलर पडत, ती १९४६ मध्ये ५५ सेंटला मिळू लागली. याला शोध म्हणत नाहीत, पण याच्याशिवाय शोधाला किंमत नाही.

मधल्या काळात हे औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची पाळी ज्यांच्यावर आली त्यांची मला कीव येते. १९४२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे अ‍ॅन मिलर नावाच्या बाई गर्भपातानंतरच्या रक्तदोषाने महिनाभर तापाने फणफणत होत्या. त्यांना एक चमचाभर पेनिसिलिन दिले, तर देशातला निम्मा साठा संपला. रात्रीतून ताप उतरला. त्यांचीही लघवी जमा करून औषध परत काढण्यास पाठवली होती. त्या पुढे नव्वद वर्षांच्या होऊन १९९९ साली वारल्या. परंतु त्यानंतर बहुतेक सारे औषध सैन्यासाठी राखले गेले. नागरिकांसाठी जे थोडे सुटे, त्याचे वाटप बोस्टनच्या डॉ. चेस्टर कीफर यांच्या समितीकडे होते. मुलांसाठी आईबापांचे अर्ज यायचे आणि किती तरी अर्जांना नाही म्हणावे लागायचे. १५ मार्च १९४५ रोजी अमेरिकेत हे औषध साध्या दुकानात मिळू लागले.

हे वाचून कोणी म्हणेल, मग लढाई बरीच म्हणायची. मी तसे म्हणत नाही. कोट्यवधी माणसे त्या लढाईत मेली आणि त्यांना कुठल्याच बुरशीने परत आणले नाही. मला एवढेच खुपते की, १९२९ ते १९३९ या दहा वर्षांतही बाळंतरोगाने बाया मरत होत्या, न्यूमोनियाने मुले मरत होती, पण त्यांच्यासाठी कोणाला टाक्या बसवायची घाई झाली नाही.

आपल्या देशात हे औषध तयार होऊ लागले ते स्वातंत्र्यानंतर, आणि आपल्या महाराष्ट्रातच. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तंत्रज्ञान व यंत्रे मिळवून देण्यास मदत केली. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले. पिंपरीच्या त्या भागाला कारखान्यांचे गाव म्हणून जे रूप आले, त्याची सुरुवात करणाऱ्यांत हा कारखाना होता. पुढे चीनमधून स्वस्त कच्चा माल येऊ लागला आणि देशातले पेनिसिलिन पिकवणारे कारखाने एकेक करून थंडावले. २०१५ च्या सुमारास जगातल्या अनेक देशांत दर २१ दिवसांच्या या इंजेक्शनाचा तुटवडा पडला. औषध इतके स्वस्त की, ते करण्यात कोणाला नफा दिसेना! अखेर सरकारच्या प्रोत्साहन योजनेखाली २०२४ साली आंध्र प्रदेशात काकीनाडा येथे पेनिसिलिनच्या कच्च्या मालाचा मोठा कारखाना पुन्हा उभा राहिला. टाकी बसवायला काही महिने पुरतात, पण एकदा बंद पडलेली टाकी सुरू व्हायला आपल्याला वर्षे लागली.

आता थोडे दवाखान्यातले. ऑक्सफर्डच्या मंडळींना १९४० मध्येच, म्हणजे पोलीस शिपायाला पहिले इंजेक्शन देण्यापूर्वीच, पेनिसिलिन फोडणारा एक पाचकरस काही जंतूंमध्ये सापडला होता. शत्रूचे चिलखत तलवारीच्या आधी तयार होते म्हणायचे. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीही बजावले होते की, अपुरी मात्रा घेणारा माणूस आपल्या अंगातल्या जंतूंना औषध पचवायला शिकवील आणि ते जंतू घरातल्या दुसऱ्या माणसाचा जीव घेतील. तसेच घडले. पाच-सात वर्षांत रुग्णालयांतले स्टॅफिलोकॉकस जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले.

मी व्यवसाय सुरू केला तेव्हा सर्दीच्या रोग्याला नुसते ‘गरम पाणी प्या, आराम करा’ सांगून पाठवण्याचे धाडस मला होत नसे. रोगी नाराज होईल, समोरच्या दवाखान्यात जाईल, ही भीती. मग चार कॅप्सूल लिहून द्यायच्या. सर्दी विषाणूमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविकांचा काडीचा उपयोग नाही, हे ठाऊक असूनही मी ते केले आहे आणि ते चूक होते. त्या चार कॅप्सूलांतल्या दोन खाऊन बरे वाटले म्हणून उरलेल्या दोन फळीवर ठेवणारे लोकही मी पाहिले, नंतर त्याच दोन दुसऱ्या कोणाला देणारेही.

घसा दुखला म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच असतो असे नाही. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर बहुधा विषाणूच. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम ताप, गिळताना फार दुखणे, गळ्याच्या गाठी सुजलेल्या, खोकला नाही, असे असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या तर त्या दहा दिवस पुऱ्या घ्याव्या लागतात, तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागले तरीही.

र्‍हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला इंजेक्शन किती वर्षे, हे झडपांवर अवलंबून असते. हृदयाला काहीच झाले नसेल तर निदान पाच वर्षे आणि वय अठराच्या पुढे जाईपर्यंत. झडप खराब झाली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. मूल धावते, खेळते, मग कशाला टोचायचे असे म्हणून आईबाप मध्येच थांबतात आणि पुढे चारपाच वर्षांनी ते मूल धाप लागून येते. तुमच्या डॉक्टरांनी रिॲक्शनच्या भीतीने टाळले तर सरकारी रुग्णालयात जावे. जिवावर बेतणारी रिॲक्शन क्वचित येते, पण येऊ शकते. म्हणून टोचल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसावे आणि अ‍ॅड्रिनॅलिन जवळ असेल तिथेच टोचून घ्यावे. पूर्वी अशी रिॲक्शन आली असेल तर मात्र इंजेक्शन घेऊ नये, डॉक्टर दुसरे औषध देतात.

इंजेक्शन दुखते, हे खरे आहे. पांढरी पूड पाण्यात कालवल्यावर खडूच्या निवळीसारखे दाट होते, सुई बारीक घेतली तर अडकते. तो मुलगा पहिल्या वर्षी दाराच्या कडीला धरून उभा राहायचा. आता स्वतःच कमरेचा पट्टा सैल करतो आणि मला विचारतो, ‘डावीकडे की उजवीकडे?’ त्याच्या आईने घरच्या दिनदर्शिकेवर वर्षभराच्या तारखांना लाल पेनने गोल करून ठेवले आहेत. पुढचा गोल येत्या गुरुवारी आहे.